पोराची चौकशी

नारायणगावच्या एसटी स्टँडवर मी पुस्तक उघडून बसलो होतो. शेजारच्या बाकावर डिंगोऱ्याच्या एक आजी कळंबच्या माणसाशी बोलत होत्या. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, उठावं, असं वाटलं. पण उठलो नाही.

“भाऊ, तुमच्या गावच्या सोपानरावांचा पोरगा कसाय? उद्या माझ्या नातीची, संस्कृतीची, सुपारी फोडायचीय त्याच्यासंगं.”

“लई चांगला, आजी. कंपनीत नोकरी, घरी बागायत.”

“ते त्यांनीच सांगितलं. चालीचा कसाय?”

“पोराची चाल कोण इचारतं, आजी?”

“त्यांनी आमच्या पोरीची इचारली. किराणा दुकानात, कॉलेजात, पिठाच्या गिरणीतसुदिक.”

“पोरीचं इचारावंच लागतं.”

“मंग पोराचं मी इचारते.”

“आता... व्हती एक मंचरची. दोन वरीस फिरवली, दिली सोडून. पोराच्या जातीला चालायचंच. लगीन झालं की सुधरंल.”

“आन आमच्या संस्कृतीचं असलं काय निघालं असतं तर?”

“मंग सोपानराव तुमचा उंबरा चढलं असतं व्हय?”

“तेच म्हणते मी.”

“आवो, पोथ्यापुराणातबी असंच हाय.”

“व्हय. पोथी ऐकायला बाया बसत्यात. लिवायला नव्हत्या बसल्या.”

“आजी, माझं नाव नका घेऊ हां. चला, कळंबची गाडी लागली.”

“तुमी जावा, भाऊ. मी माघारी डिंगोऱ्याला जाते. उद्याच्या सैपाकाला आचारी सांगितलाय, त्याला नको म्हणायचंय.”