डावा अंगठा, उजवा अंगठा

मला काय वाटलं होतं सांगू? आपल्याच गडचिरोलीची पोरगी पुण्याहून डॉक्टर होऊन आली म्हटल्यावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवतील. पहिल्याच आठवड्यात देवाजीभाऊ आले. सायकल घसरून डाव्या अंगठ्याच्या बुडाचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन करून तार टाकली नसती, तर कुऱ्हाड धरणं कायमचं सुटलं असतं. मी संमतीचा कागद भरला आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

"भाऊ, डावा अंगठा लावा."

"मोडला तोच काऊन पाह्यजे?"

"पुरुषांचा डावाच घेतात. तुमच्या भल्याचंच आहे."

"भल्याचं म्हणूनच माह्या बापानं अंगठा देला होता, बाई. वावर गेलं."

"मग कसं करायचं?"

"मले सही येते. तुम्ही इचारलंच नाई."

त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट ठेवून कागद वाचू लागले आणि मध्येच थांबले.

"बाई, इथी उजवा अंगठा लिवला तुम्ही. तो तं चांगला हाये!"

मी गुपचूप नवा कागद भरला. तोही पुरता वाचूनच त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॅड कपाटात टाकला आणि ठरवलं, कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. आणि कुणी डोळे मिटून विश्वास ठेवलाच, तर त्याला आधी चष्मा लावायला सांगायचं.