राणीच्या पायाशी बसलेलं कुत्रं

फादर उगेत : थडग्यावरचा सिंह राहू दे, गेराऊ. तो राजेसाहेबांच्या मूर्तीचा. मी म्हणतोय ते शेजारी राणीच्या मूर्तीच्या पायाशी बसलेलं कुत्रं.

गेराऊ : त्यानं काय केलं? प्रार्थनेत भुंकलं?

फादर उगेत : थट्टा पुरे. कुत्रं म्हणजे निष्ठेची खूण. दरबारात बाई बेइमान ठरली, तिच्या थडग्यावर ते शोभतं का? रविवारी राजेसाहेब मठात यायच्या आत काढून टाक.

गेराऊ : फादर, जिरोनाच्या खाणीतला अखंड दगड आहे हा. दोन वर्षं घासलीत मी त्यावर. एकदा तोडलं की परत चिकटायचं नाही.

फादर उगेत : तेच तर हवंय त्यांना. आणि माझ्यावर का डाफरतोस? साक्ष तुझ्याच लेकीनं दिली.

(फादर निघून जातात. गेराऊची मुलगी सौरिना, राणीची जुनी दासी, बापाचं जेवण घेऊन मघापासून खांबाआड उभी आहे.)

गेराऊ : ये, बाहेर ये. ऐकलंस ना सगळं?

सौरिना : बाबा, आधी दोन घास खाऊन घ्या.

गेराऊ : घशाखाली उतरतील? खरं सांग. राणीच्या दालनात परका पुरुष पाहिलास तू?

सौरिना : नाही.

गेराऊ : नाही? अगं, भर दरबारात क्रुसावर हात ठेवून 'पाहिला' म्हणालीस!

सौरिना : आदल्या दिवशी राणीसाहेबांसमोरच मला दम भरला राजेसाहेबांच्या माणसांनी. पाहिला म्हण, नाहीतर बापाचा उजवा हात मनगटापासून उडवू.

गेराऊ : उडवू द्यायचा! डाव्या हातानं खाणीत खडी फोडली असती मी. पोटच्या पोरीसारखं वाढवलं गं तिनं तुला. आणि ती मेली कुठे? धर्मभगिनींच्या मठातल्या कोठडीत, थंडीनं.

सौरिना : मी आत्ता जाते. मठाधिपतींना सगळं खरं सांगते.

गेराऊ : सांग की! उद्या फासावर लटकशील. आणि कुत्रं दुसराच कोणी पाथरवट तोडेल, वेडंवाकडं. गप उभी राहा.

सौरिना : मग तुम्ही...

गेराऊ : मग मी. तुझी जीभ विटाळली, आता माझा हात. इकडे ये. कुत्र्याची मान दोन्ही हातांनी धर. घाव बसून सुटताना ते कलंडलं तर राणीच्या पायाची बोटं जातील.

सौरिना : माझ्यानं नाही होणार.

गेराऊ : हे एकट्याचं काम नाही. धर म्हणतो ना! आता तोंड कशाला फिरवतेस? तिचे डोळे मी मिटलेलेच कोरलेत. साक्ष देताना तरी तिच्याकडे बघायची हिंमत झाली होती का?

सौरिना : झाली होती, बाबा. मी अडखळले, तेव्हा राणीसाहेबांनीच मान हलवली. बोल, म्हणून.