तळ्याकडची खालची खोली

—नाही, खोल्या एका रांगेत नकोत, तेच तर सांगतेय मघापासून. रांगेत दिल्यास की भिंतीला भिंत आली, आणि भिंतीला भिंत आली की कुणाच्या ना कुणाच्या भिंतीपलीकडे नाना येणार. ते कुणालाच नकोय. नाना म्हणजे माझे सासरे. ते बघ, तुला काचेतून दिसत असतील — तळ्याच्या बाजूला, झाडाखालच्या बाकावर, टोपीवाले. मी मुद्दाम त्यांच्याकडे पाठ करून बसलेय, सारखं तिकडे बघत बसले तर बोलणार कधी तुझ्याशी? तू तेवढी अधूनमधून नजर टाक हं. काही नाही, हलायचे नाहीत. माझी पर्स दिलीय त्यांना सांभाळायला. आणि तुला मी अगं-तुगं करतेय, चालेल ना? माझ्या मुलीएवढी तर आहेस. दारातच ‘या मावशी, बसा’ म्हणालीस, फार बरं वाटलं बघ. बसा म्हणायचं कुणाला सुचतच नाही हल्ली. घरी मी टेकले रे टेकले की आतून हाक आलीच म्हणून समज — एक मिनिट बसू देत नाहीत.

तर खोल्या. आम्ही झाडून सगळे येतोय. नानांना ऐंशी पूर्ण होतायत, म्हणून चार दिवस तुमच्या ह्या रिसॉर्टवर सगळ्यांनी एकत्र राहायचं, ही कल्पना आमच्या नणंदबाईंची. कल्पना त्यांच्या आणि हमाली माझी, हे आमच्याकडचं जुनंच आहे. त्या लांब राहतात ना — आठवड्याला एक फोन, नाना कसे आहेत, औषध वेळेवर देतेस ना वहिनी, त्यांना जरा फिरायला नेत जा. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय. पण मनानं वाईट नाहीये हो. कुणीच वाईट नाहीये आमच्याकडे, तोच तर घोळ आहे. भावजी, म्हणजे माझा धाकटा दीर, तो तर आला की नानांच्या पायाशी बसतो, डोळ्यांत पाणी आणतो, आणि चहाचा कप रिकामा झाला की निघतो. नाना त्याला विचारतात, तुम्ही कुठल्या खात्यातले? तेही त्याला लागतं. लागणारच. मला नाही लागत आता, मला ते सुपरवायझर म्हणतात. खरंच. नाव गेलं, नातं गेलं, सून-बिन काही आठवत नाही — सुपरवायझर. हस, हस, मलाही येतं हसू. कधीकधी.

हां, लिहून घे. नणंदेला वरच्या मजल्यावर, बागेच्या अंगाला, एकदम टोकाची. तिच्या नवऱ्याची झोप सावध आहे, आणि नाना मध्येच ओरडतात. तिनं मला फोनवर हळूच सांगितलं, वहिनी, गैरसमज नको, पण नानांच्या शेजारची नको हं आम्हाला. म्हटलं नाही देत. मग दुसऱ्या दिवशी जावेचा फोन — पोरं घाबरतात आजोबांना, तेवढं बघा ना वहिनी, पण यांना सांगू नका मी म्हटलं म्हणून. म्हटलं नाही सांगत. त्याच संध्याकाळी भावजींचा — अगदी तेच, आणि हिला सांगू नका म्हणून. म्हणजे नवराबायको एकाच घरात, एकमेकांपासून लपवून मला एकच गोष्ट सांगतायत. आणि आमचे हे? हे तर सरळ बोलायचेच नाहीत. हे म्हणाले, मला धाकट्याच्या शेजारी दे, इतक्या वर्षांनी गप्पा होतील. म्हटलं आणि नाना? तर म्हणाले, तू बघशील ना. झालं. तू बघशील ना, हे वाक्य माझ्या पाटीवर कोरून ठेवायला हवं.

तर बघ आता, मी काय केलं — ज्यानं जे मागितलं ते त्याला दिलं. सगळे वर. आणि नानांना जिना चढवत नाही, म्हणून ते खाली. खाली तुमच्याकडे ती एकच मोकळी आहे, तळ्याकडची. यात माझं काय चुकलं सांग. मी काही मुद्दाम नाही केलं. सगळ्यांच्या इच्छा एका कागदावर मांडल्या आणि जे उरलं ते नानांना आलं.

फोनवर झालं असतं? झालं असतं की. पण मला खोली डोळ्यांनी बघायची होती. तुमच्या त्या सफाईवाल्या बाईंनी दाखवली मघाशी, मी नानांना गाडीतच ठेवून बघून आले. छान आहे. ते काचेचं सरकतं दार फार छान आहे, एका बोटानं सरकतं — आणि आवाज नाही अजिबात. आमच्याकडचं दार म्हणजे, उघडलं की शेजाऱ्यांना कळतं. आणि बाहेर लगेच तो ओटा, आणि ओट्यावरून ती लाकडी फळी पाण्यात गेलेली, होड्या लावायची. तिला कठडा नाहीये, नाही का? नाही, मी नुसतं विचारतेय. सगळं विचारून घेतलेलं बरं असतं. तुमचा वॉचमन रात्री मागे येतो का, की पुढच्या फाटकावरच? फाटकावरच. बरं. आणि तळ्याकाठचे दिवे चालू असतात की मालवता? मालवता. बरोबर आहे, लोकांना झोप यायला हवी. खोल किती गं पाणी? फळीच्या टोकाशी? हं.

अशी बघू नकोस. पाण्याचं मी विचारतेय कारण नानांना पाण्याचं वेड आहे. ते कारखान्याच्या गोदामावर होते, सगळी नोकरी तिथेच. आणि गोदामामागे एक मोठी टाकी होती, आग लागली तर विझवायला. पाळी सुरू झाली की आधी जाऊन तिचं पाणी किती आहे ते बघायचं, वाकून, मगच कुलूप उघडायचं. आता सगळं पुसलं गेलं आणि तेवढं राहिलं. मोकळे सुटले की निघाले — पाणी बघून येतो. बादली असो, हौद असो, रस्त्यावरचं डबकं असो, वाकून बघणार. आणि एक गंमत सांगू? पाठीमागून हाक मारायची नाही त्यांना. कितीही जोरात मारा, वळायचे नाहीत. उलट भरभर चालायला लागतात. त्यांना वाटतं भोंगा झाला, उशीर झाला. एकदा ह्यांनी रस्त्यात अशीच हाक मारली आणि नाना जवळजवळ पळत गेले, गाड्यांच्या मधून. हे त्यानंतर दोन दिवस जेवले नाहीत नीट. पण परत बरोबर घेऊन गेले का? नाही.

मग थांबवायचं कसं? ती माझी युक्ती. कुणी शिकवली नाही, माझी मलाच सापडली. हातात वस्तू द्यायची आणि म्हणायचं, नाना, हे सांभाळा, मी येईपर्यंत. बस. मग घराला आग लागली तरी माणूस जागचा हलणार नाही. गोदामवाला ना, दिलेली वस्तू टाकून जाणार कशी? पण वस्तू किमतीची वाटायला हवी. एकदा छत्री दिली तर माझ्याकडे असं बघितलं त्यांनी, म्हणजे मलाच लाज वाटली. पर्स चालते. किल्ल्यांचा जुडगा चालतो, रात्री तोच देते, छातीवर घेऊन झोपतात, सकाळी मी जाईपर्यंत पाय खाली टाकत नाहीत. आणि परत घ्यायची तर मीच घ्यायची. आमच्या ह्यांनी एकदा पर्स मागितली तर म्हणाले, पावती दाखवा. स्वतःच्या मुलाला. मी इतकी हसले त्या दिवशी, आणि मग आत जाऊन रडलेही, खोटं कशाला सांगू. ज्या माणसानं मला सून म्हणून एक गोड शब्द दिला नाही कधी, तो सगळ्या जगात फक्त माझ्या हातात पर्स देतो. काय म्हणायचं याला?

कुणाला सांगितलीय ही युक्ती? कुणालाच नाही. कुणी विचारलंच नाही गं. सगळ्यांना वाटतं नाना शांत झालेत हल्ली. वहिनी छान सांभाळतात. आता कुणी न विचारता मी होऊन सांगायला जाऊ, हात दाखवून अवलक्षण? सांगितलं की म्हणतील, मग सोपंच आहे की. सोपं आहे. फक्त रोज रात्री कुणीतरी द्यावं लागतं आणि सकाळी कुणीतरी जाऊन घ्यावं लागतं, आणि मधल्या वेळात अर्धं झोपावं लागतं, एवढंच.

मी? मी कुठे झोपणार — मी वरच. नणंदेच्या मुलींच्या खोलीत तिसरा पलंग टाकून दे. कोपऱ्यातली, बागेकडची. मुलींनीच हट्ट धरला, मामी आमच्यात. मला म्हणाल्या, मामी, तुम्ही चार दिवस फक्त झोपा. कुणीतरी असं म्हणावं म्हणून किती वाट बघितली असेल मी. आणि किल्ल्यांचा जुडगा मी आणणारच नाहीये. घरी खिळ्याला अडकवून यायचा असं ठरवलंय. सुट्टी म्हणजे सुट्टी. त्या चार दिवसांत कुणाला वाटलं तर द्यावं कुणी काहीतरी त्यांच्या हातात. नाही वाटलं तर नाही. पोटच्या मुलांना कळायला नको? सगळंच मी?

त्यांच्यासोबत खोलीत कोण? हे तू दुसऱ्यांदा विचारतेस. सांगितलं ना, आहेत की सगळे. वर आहेत. वर म्हणजे काही परगावी नव्हे.

काय, शेजारचीही मोकळी होईल? मधल्या दाराची? — नको. नाही गं, छान असेल, पण नको. कारण काय सांगू तुला. मधलं दार म्हटलं की ती खोली कुणाला येईल? हे येतील? भावजी येतील? माझ्याच गळ्यात पडणार. आणि मग मी कान लावून पडून राहणार, घरी पडते तशी. मला एकदा, एकदाच, कान न लावता झोपायचंय. मग सकाळी जे असेल ते असेल. — असं नव्हे. मला म्हणायचं होतं, सकाळी बघू. तू लगेच चेहरा कशाला पाडतेस? ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, हो, येतात मनात विचार. सांभाळणाऱ्याच्याच मनात येतात. लांबून फोन करणाऱ्यांच्या मनात सगळं चांगलंच असतं. तू कर पक्कं. बोटं चालव तुझी. सहा वर आणि एक ती, तळ्याकडची खालची.

ओळखपत्र? हो, देते की, पर्समध्ये आहे. पर्स नानांकडे — थांब, मीच आणते, तुला नाही द्यायचे, पावती मागतील. काय? काय दाखवतेस? खुर्चीला? कुठल्या खुर्चीला, माझ्या —

ही माझीच पर्स आहे.

ही इथे कशी? नाही, मी दिली त्यांना. गाडीतून उतरवलं, बाकावर बसवलं, टोपी नीट केली, आणि मग... मग तू दारातून म्हणालीस ना, या मावशी, बसा. आणि मी आले. पूर्वी मी ऑफिसात जायचे ना, तेव्हाची सवय, आलं की पर्स खुर्चीला अडकवायची आणि बसायचं. बसले मी. सांभाळा म्हटलंच नाही त्यांना. एवढ्या वर्षांत विसरले नाही गं कधी.

तू सांग. मी नाही मागे बघत, तू सांग. बाकावर आहेत ना? — नुसती टोपी? नीट बघ. झाडाआड असतील. — फळीवर. टोकाशी?

वाकलेत का?

हो, कळतंय मला, उठतेच आहे. थांब. पर्स ही अशी मांडीवर घेतली मी, आता उठते. तू जा पुढे, तू तरुण आहेस. काय म्हणतेस, हाक मारू का?

मार. दारातूनच मार, जोरात मार. जा तू. मी आलेच — एक मिनिट बसते.