तान्ह्याले नवं चालत नाई

मी मूळची अल्लीपूरची. बाप कास्तकार, आमी साऱ्या बहिनी आन् शेवटी एक भाऊ, तं माही शाळा त्याले खांद्यावर घेऊन फिरता फिरताच सुटली. लगन करून सेलूले आली. इथं आमचं कटलरीचं दुकान, रिबिनी, बांगड्या, सुईदोरा, हिवाळ्यात लोकरीच्या लच्छ्या. नवऱ्याचं नाव मी घेत नाई, दुकानदार म्हनतो, साऱ्या गावाले मालूम हाय. विनकाम शिकली ते बांगलादेशच्या लढाईत. गावातल्या बाया जवानायसाठी स्वेटर विनून राह्यल्या होत्या, तं एका मास्तरीनबाईनं मलेबी बसवलं, हातात सुया देल्या, म्हने उलटा टाका घे, सुलटा टाका घे. आन् काय सांगू तुमाले, माही एक बाही पुरी व्हाची होती तं लढाईच संपली. तोच अर्धा स्वेटर मंग मी दुकानदाराच्या मापाचा पुरा केला. माह्या हातचा पयला. त्यायनं तो असा घातला का शिमगा आला तरी काढत नव्हते.

मंग हात रिकामे बसत नव्हते. लेकरूबाळ आमाले नव्हतं, घरी दोघंच, दुपार खायले उठे. म्हटलं सरकारी दवाखान्यात गरिबाघरच्या बाळंतिनी येतात, हिवाळ्यात लेकरं काकडतात, त्यायच्यासाठी विनू. दुकानातली चांगली मऊ लोकर घेतली, पांढरी, पिवळी, टोपरे विनले, मोजे विनले, आन् पिशवी भरून गेली वार्डात. बाया घेत, हासत, हात जोडत. दुसऱ्या दिवशी जाऊन पाहो तं लेकराच्या डोक्याले जुन्या लुगड्याची चिंधी, आन् माहं टोपरं उशाखाली. एकीचंच नाई, साऱ्यायचं. त्या वर्षी तसंच, पुढच्या वर्षीबी तसंच. काय राग ये म्हनता. डोये फोडून विनाव मी, आन् ह्यायनं ते उशाखाली दाबून ठेवाव, कायले?

कायले ते मी मनाशी समजली होती. माही कूस उजवली नव्हती, तं माह्या हातचं तान्ह्याच्या अंगाले कोन लावीन. कोनी तोंडानं म्हटलं नव्हतं, पन मले ऐकू ये. दुकानदाराले म्हटलं आता ह्या सुया चुलीत घालतो. ते म्हने घाल, पन लोखंडाच्या हायत, जळाच्या नाईत. त्यायले सारी मस्करीच.

मंग एका पौषात दवाखान्यातली नर्सबाई दुकानात आली. म्हने गिरडले देल्ली एक पोरगी बाळंतपनाले माहेरी आलती, तिले पोट्टी झाली, दिवस भराच्या आधीच, येवढीशी हाय, अंग थंड पडून राह्यलं, चिंधी डोक्यावर टिकत नाई, तुमचं टोपरं असन तं आना. सुया चुलीत घालनारी मी, पन पेटी उघडली, सारं पाहून पाहून सगळ्यात मऊ काढलं आन् चप्पल न घालता गेली. पोट्टीच्या डोक्यात घालाले वाकली तं तिच्या आजीनं माहा हात धरला. झालं, माहं डोकंच फिरलं. भरल्या वार्डात म्हटलं, माह्या पोटी नाई म्हनून काय माहं टोपरंबी वांझोटं हाय का?

म्हातारीनं माहा हात सोडला. म्हने, अवं बाई, तुह्या पोटाचं कोन काढून राह्यलं? नवं हाय ना ते. बारशाच्या आधी तान्ह्याले नवं चालत नाई.

सांगा आता. हे मले काय ठाऊक नव्हतं? माह्या सख्ख्या भावाले बापाच्या जुन्या धोतराचं झबलं मीच घातलं होतं. पन माह्या डोक्यात दुसरंच घुसून बसलतं, त्याच्यापुढं काई दिसलंच नाई. दोन हिवाळे त्या बायायवर नुसती जळत राह्यली.

तशीच दुकानात आली. दुकानदार कोनाले तरी रिबीन मोजून देऊन राह्यले होते. म्हटलं स्वेटर काढा. म्हने काऊन? म्हटलं काढा तं. तिथंच उसवाले बसली, ते थंडीचे बनियनवर, गिऱ्हाईक तोंडाले पदर लावून हासून राह्यलं. लोकर धुवाले वेळ नव्हता, तशीच विनली, दिवे लागाच्या वक्ताले टोपरं घेऊन वार्डात. म्हातारीनं ते हातात घेतलं, नाकाले लावलं. म्हने तंबाखूचा वास येऊन राह्यला. म्हटलं माह्या मानसाचा स्वेटर होता. मंग म्हने हे चालते. आन् तिनंच घातलं पोट्टीले. तगली ते पोट्टी, तंबाखूच्या वासातच बारशापर्यंत पोचली.

त्याच्या मागं मी घरोघर जुने स्वेटर मांगत फिरली, किती वर्षं ते. उसवाव, धुवाव, पुन्हा विनाव. लोक म्हनत, लोकरीचं दुकान असून ही बाई जुनं काऊन मांगते, कवडीचुंबक हाय. बोलू दे. दुकानदाराले नवा स्वेटर विनून देवो, तो अंगावर जुना झाला का उसवो. ते म्हनत, मले काय लोकर जुनी कराले ठेवलं का?

आन् आता पाहा. बजारात रेडिमेड सेट आले, प्लास्टिकच्या पुड्यात, टोपरं, स्वेटर, मोजे, साऱ्याले फुलं. आमच्याच दुकानात टांगले हायत, तेबी आमच्या दुकानदारानं. वार्डात गेली तं पोरी म्हनतात, काकू, जुन्या लोकरीचं हाय का? राहू द्या, आमी सेट आनला. तवा नवं चालत नव्हतं, आता जुनं चालत नाई, तं म्या कराव तरी काय सांगा. अंदरून अशी चीड येते का कोनावर काढू समजत नाई. पोरींवर काढू? त्यायचं काय चुकलं? लेकरं ज्याचे त्याचे गरम राहोत बापा, कोनाचंबी घालून राहोत.

पेटीत टोपरे नुसते पडले होते. यंदा सारे उसवले आन् दुकानदारासाठी स्वेटर विनला, एक बाही हिरवी, एक तपकिरी, पाठीले जे हाती लागन ते. परवा देल्ला. त्या म्हातारीची गोष्ट त्यायले पाठ हाय, तं तिच्यावानीच स्वेटर नाकाले लावला आन् हासत म्हने, याले कोनत्या लेकराचा वास येते वं?

म्हटलं, कोनाचाच नाई. हे कोनी घातलंच नाई.

 उन्ह चांगलं वर आलतं, तरी दुकानदार तो घालूनच दुकानात गेले.