बादलीतले बटाटे

दवाखान्यात नंबराची वाट पाहणाऱ्या निवृत्त फोरमनसाहेबांचे कान अजून शाबूत होते. शेजारच्या बाकावर एक वयस्क जोडपे बोलत होते.

"उद्या गच्चीवरची बादली उपडी करू. पानं पिवळी पडली."

"आठवडाभर राहू द्या की!"

"म्हणजे तू गेल्या वर्षीसारखे बाजारातले आणून पुरणार?"

"अगबाई! कळलं होतं तुम्हाला?"

"सगळे गुळगुळीत, मुळाला एकही धरलेला नाही. न कळायला काय झालं?"

"मग शेजाऱ्यांना बोलावून मिरवलंत कशाला?"

"दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढली होतीस ना."

फोरमनसाहेबांचा नंबर पुकारला गेला. ते उठले नाहीत.

"यंदा तुला पुरायला नको. सकाळी मातीत हात घालून पाहिलं. एक लागला."

"एकच?"

"एकच. पण ओढला, तर सुटेना."