पायाळू पोरीच्या तोंडात तार

...नाही, तुम्हीच सांगा, 'घाबरू नको' म्हटल्यानं आजवर कुणाची भीती गेली आहे का? मला तर कुणी 'घाबरू नको' म्हटलं की पहिला विचार येतो, अरे देवा, म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे! आणि आमच्या देवकाआत्याला तर तेही नीट म्हणता येत नाही. ती म्हणते, "घाबरू नोको वो बाई, काही होत नाही... पण आधीच पायाळू, अन् त्यात तोंडात तार!" झालं! गेला माझा जीव पोटातून घशात!

पायाळू म्हणजे, तुम्हाला सांगते, जन्मताना माझे पाय आधी आले. मला वाटतं, डोकं आत सुरक्षित ठेवून मी आधी पायांनी चाचपून पाहिलं असेल, बाहेर कसं काय आहे म्हणून. घाबरट तिथपासूनची! आणि पायाळू माणसावर वीज पडते, असं आमच्या सिहोऱ्यात लहान लेकरालाही ठाऊक. बाळंतपणाला आत्या स्वतः हजर होती, त्यामुळे मी पायाळू नाही म्हणायचीही सोय नाही.

आता तार. तार आली दातांमुळे. माझे वरचे दात पुढे. पुढे म्हणजे किती? मी दारात असायचे तेव्हा दात ओसरीत पोचलेले! शाळेत पोरं मला 'दाताळं' म्हणायची, शेतातला कचरा ओढतात ना, ते. तेव्हापासून तोंडावर जो रुमाल आला तो हललाच नाही. भंडाऱ्याच्या कॉलेजात मी रुमालाआडूनच बी.ए. झाले. सरांना वाटायचं, या मुलीला बारमाही सर्दी आहे. एका सरांनी तर निलगिरीचं तेल आणून दिलं बिचाऱ्यांनी! ग्रुप फोटोत मी आहे, पण फक्त वेणी आहे... फोटोवाला 'हसा' म्हणाला आणि मी चपलेचा पट्टा लावायला वाकले.

हे सगळं चाललं असतं हो, पण साकोलीच्या एका शाळेत मास्तरणीची जागा निघाली. मला फार हवी होती ती. शिकवायचं वेड मला, गोठ्यातल्या कालवडीला मी व्याकरण शिकवलेलं! मुलाखतीला गेले. समोर संस्थेचे सेक्रेटरी भय्याजी, पांढरी टोपी, भरदार मिशा. विचारतात, "मराठीचे तास घ्याल का, बाई?"

मी रुमालातून म्हटलं, "म्हो."

"काय?"

"म्हो जी."

"बाई," ते म्हणाले, "सर्दी बरी झाली का या."

येताना एस.टी.त रडले, तेही त्याच रुमालात. घरी बाबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, बाबा, मला लोकांपुढे बोलता येत नाही. "काहून? घरात तं आत्याचं डोकं खातं!" मी रुमाल बाजूला केला. आमचे बाबा, वासुदेवराव, धानाच्या शेतीतला माणूस. जास्त बोलत नाहीत. पायात चपला सरकवल्या आणि म्हणाले, "चाल, नागपूरले."

नागपूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तोंड उघडा. अजून. अहो, अजून उघडा, मी काही आत येणार नाही!" आणि दातादाताला पट्ट्या बसवून त्यावरून तार ओढली ना... कुंपण घालतात तसं! वर म्हणतात, "दोन पावसाळे राहू द्या. घाबरू नका." पाहा! पुन्हा तेच!

घरी आले तर आत्यानं माझी हनुवटी धरली, बाजारात बैलाचे दात पाहतात तशी, आणि किंचाळलीच, "अवं माय! आधीच पायाळू, अन् त्यात तोंडात तार! वासुदेवा, पोरगी घरी आणली का आभाळाले देऊन टाकली?"

दिवस मावळायच्या आत गावभर! शेजारच्या रत्नाबाई तर माझ्या तोंडाशी कान लावून गेल्या. "तारेत रेडूवरचं गाणं ऐकू येते का पाहून राहिली जी."

तुम्ही म्हणाल, बाई, तू शिकलेली, तू कशाला मनावर घेतलंस? अहो, शिकलेल्या माणसाची भीतीच जास्त वाईट! तिला दोन्हीकडून पुरावे मिळतात. आत्या म्हणते पायाळूवर वीज पडते. विज्ञानाचं पुस्तक म्हणतं धातूतून वीज वाहते. आत्याचं आणि विज्ञानाचं जन्मात कधी पटलं नव्हतं. पटलं ते नेमकं माझ्यावर! मग काय... आभाळात कापसाएवढा ढग दिसला की मी धानाच्या कोठीत, पोत्यांमध्ये, तोंड मिटून. दिव्याचं बटण लाटण्यानं दाबायचे. आणि आत्या कोठीच्या दाराशी बसून धीर द्यायची, "घाबरू नोको बाई... पण आधीच पायाळू..." पुढचं मीच पूर्ण करायचे.

आणि मग तो रोवणीचा दिवस. सगळ्या बाया बांधीत, म्हणजे आमच्या धानाच्या वाफ्यात, गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. आत्याही त्यात. मी शिदोरी घेऊन निघाले तेव्हा, तुम्हाला शपथेवर सांगते, आभाळ धुतलेल्या ताटासारखं होतं! धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, मध्यापर्यंत पोचले आणि कुठून काळं आलं देव जाणे... गडगडलं! मला काही सुचेना. भ्यालेलं माणूस काय करतं? माणसांकडे पळतं. मी पळाले बायांकडे. आणि बाया... माझ्यापासून पळाल्या! मी डावीकडे, त्या उजवीकडे. मी उजवीकडे, त्या थेट दुसऱ्याच्या शेतात! चिखलात इतकं जोरात पळता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

रत्नाबाई ओरडतात, "तिकडं हो वो! आमाले लेकरं हायेत!"

मी म्हणते, "मग मी कुठं नाही म्हणते?"

"तोंड बंद ठेव, तार दिसून राहिली आभाळाले!"

"ठेवलंय!" आता 'ठेवलंय' म्हणायला तोंड उघडावंच लागतं ना हो!

तेवढ्यात पांढरं झालं सगळं. कडाड्! पार पलीकडच्या मोहाच्या झाडावर पडली. मी शिदोरीसकट चिखलात बसले आणि जी ओरडले... आख्ख्या जन्मात पहिल्यांदा, आख्ख्या गावासमोर, आख्खं तोंड उघडून! दात, पट्ट्या, तार, पडजीभ, सगळं जगजाहीर! आणि पाहिलं कुणी? कुणीच नाही. सगळ्यांचे डोळे गच्च मिटलेले. इतकी वर्षं जे झाकलं ते उघडं पडलं आणि बघायला कुणाला सवड नाही!

एकटी आत्या पळाली नव्हती. भर पावसात चिखल तुडवत आली, आपल्या डोक्यावरची पोत्याची खोळ माझ्यावर टाकली आणि माझ्या शेजारी फतकल मारून बसली. मी म्हटलं, "आत्या, दूर हो! माझ्या तोंडात तार आहे!"

"असू दे. पडली तं दोघीवर पडन." आणि माझा हात घट्ट धरून म्हणते, "आता तोंड मिट, पाणी जाऊन राहिलं आत."



पुढच्या पावसाळ्यानंतर तार निघाली. घरी येऊन आरशासमोर उभी राहिले आणि दचकलेच, ही कोण बाई घरात शिरली? इतकी बरी? हसून पाहिलं. तीही हसली! थोडा वेळ फार छान वाटलं हो, खोटं कशाला बोलू... आणि मग नवीनच भीती. इतकी वर्षं सगळं दातांवर ढकललं होतं. नोकरी नाही मिळाली? दात. मैत्रीण रुसली? दात. आता काही बिघडलं तर कुणाच्या माथी मारू? डॉक्टरीणबाईंनी तारेबरोबर माझी सबबही काढून घेतली होती! आत्या म्हणाली, "तार निघाली, बरं झालं. पण पायाळू कुठं निघते?"

तरी गेले. साकोली, तीच शाळा, तीच जागा पुन्हा निघालेली. रुमाल मुद्दाम घरी ठेवला, आणि बसमध्ये तो नाही म्हणून रडू आलं तर ते पुसायला काही नाही! समोर भय्याजी. ते मिशीवरून बोट फिरवून म्हणतात, "तुमची बहीण येऊन गेली होती का जी मागं? सर्दीवाली?"

मी म्हटलं, "हो."

"एखादा धडा शिकवून दाखवा." मी तोंड उघडलं. आणि काय सांगू, असा खणखणीत आवाज निघाला की मी मागे वळून पाहिलं, कोण बोललं? माझाच! रुमालाखाली इतकी वर्षं तो बसला होता, आणि मला पत्ताच नाही. भय्याजी ऐकतच राहिले. मग टेबलावर थाप मारली. मी उडाले. "वा बाई! घेतलं तुम्हाले! पण हा आवाज एका वर्गात कायले कोंडायचा? उद्यापासून सकाळची प्रार्थना तुमच्याकडं. आख्खी शाळा समोर!"

आख्खी शाळा! समोर! मी 'नको' म्हणायला तोंड उघडलं, पण भीतीनं त्यातून निघालं, "हो जी."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्या चौथऱ्यावर. खाली पोरंच पोरं, सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. पाय लटपटतात, नशीब, पातळात दिसत नाहीत.   आणि प्रार्थना संपवून मी उभी असते ना, तेव्हा भय्याजी पाहुण्यांना मला दाखवतात, "पाहा जी, याले म्हणतात आत्मविश्वास! चेहऱ्यावरचं हसू ढळत नाही बाईंचं!"

अहो, कसलं हसू! भीतीनं दातखीळ बसते माझी... आता फक्त ती सरळ बसते.