लांब चादर

अमेरिकेतल्या टोलिडो शहरात एका दुकानात बिलाच्या रांगेत माझ्यापुढे दोघं भावंडं होती.

"मार्लो, केवढी लांब चादर घेतलीस. तू अजून पाच फूटसुद्धा नाहीस."

"होस्टेलचे पलंगच लांब असतात. आणि त्या किल्ल्या खुळखुळवणं बंद कर."

"इथे सगळे बारावी करून कॉलेजात जातात, आणि तू दहावी झाली की थेट कॉलेज. अजून दोन वर्षं शाळेत काढली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"कंटाळून मेले असते. तू बस बारावीत."

"बसतो ना. सकाळी गाडीत तुझी बडबड तरी नसेल."

"किल्ल्या, कोल्बी."

"तिथे सगळी तुझ्याहून मोठी. दुपारी जेवायला कुणाबरोबर बसशील?"

"बसेन कुणाबरोबर तरी. तू आता कुणाबरोबर बसशील?"

"पुढे सरक. आपला नंबर आला."

"कुठे आलाय? अजून तिघं आहेत पुढे."